बेल्फास्टला कॉलेज आइस हॉकीचे सामने: सांगलीतून सहा जण, किटवाला भाचा आणि हलगी

घाटावरचा_सांगलीकर
भाचा बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठात शिकतो. तिथल्या आइस हॉकी संघाचं किट सांभाळायचं काम त्याच्याकडे आहे, तो स्वतः खेळत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचा संघ बेल्फास्टला फ्रेंडशिप फोर स्पर्धेला निघालाय. इकडून सांगली-मिरजेचे आम्ही सहा जण पाठिंब्याला जायचं म्हणतोय. त्यात दोघं साठीच्या पुढचे, तिघं बागायतदार आणि एक शाळामास्तर. बर्फावरची हॉकी एकानेही पाहिलेली नाही. एजंट डब्लिनचं तिकीट स्वस्त म्हणून गळ्यात मारतोय. भाच्याची वेगळीच चिंता आहे: स्केटला धार लावायचं अमेरिकेतलं मशीन तिकडे चालेल का? शिवाय आमच्यातल्या एकाचा हट्ट आहे की हलगी न्यायचीच. माहितगारांनी सविस्तर लिहावं.

कृष्णाकाठ
डब्लिनचं तिकीट काढलं नसेल तर काढूच नका. काढलं असेल तर आजच रद्द करा.

बेल्फास्ट आहे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. डब्लिन आहे आयर्लंड प्रजासत्ताकात. देश दोन, व्हिसेही दोन. मध्ये चौकी नाही, बस दोनेक तासांत सरळ बेल्फास्टला पोचते, आणि म्हणूनच एजंट "काही होत नाही" म्हणतात. पण तपासणी डब्लिनच्या विमानतळावरच होते. तिथे नुसता ब्रिटिश व्हिसा दाखवलात तर आत घेत नाहीत. खरं तर मुंबईलाच विमानात चढू देणार नाहीत.

भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. व्हिसावर 'बीआयव्हीएस' अशी नोंद असेल तर एका व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. त्यातली अट मात्र लोक वाचत नाहीत: ज्या देशाने व्हिसा दिला, पहिलं पाऊल त्याच देशात पडलं पाहिजे. तुमचा व्हिसा ब्रिटनचा असेल तर आधी लंडन किंवा बेल्फास्ट, मग हवं तर डब्लिन. उलटं जमत नाही.

तुम्हाला सोपं म्हणजे मुंबई ते लंडनचं हिथ्रो आणि तिथून बेल्फास्ट सिटी विमानतळ, दोन्ही एकाच तिकिटावर. इमिग्रेशन हिथ्रोलाच उरकतं, पुढचं विमान देशांतर्गत. मध्ये तीन तास ठेवा. स्वस्तात पडतं म्हणून दुसरा टप्पा स्टॅन्स्टेड किंवा ल्यूटनहून घेऊ नका. सामान स्वतः ओढत अख्खं लंडन ओलांडायचं, वर तिथल्या कंपन्या किलोकिलोचे पैसे लावतात.

आता कागद. अर्ज ऑनलाइन भरायचा, बोटांचे ठसे पुण्याच्या व्हीएफएस केंद्रात (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) द्यायचे. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर अर्ज घेत नाहीत. निकाल साधारण तीन आठवड्यांत लागतो. ऑगस्टअखेर कागद जुळवा, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठसे द्या.

बागायतदारांनी नीट वाचा. पगाराची चिठ्ठी नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, पण उत्पन्न कागदावर दिसलं पाहिजे. सातबारा, आठ-अ, कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या, बेदाण्याचा सौदा असेल तर अडत्याची पट्टी, आणि ते पैसे ज्या खात्यात जमा झाले त्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. पट्टीतला आकडा आणि खात्यातला आकडा जुळला पाहिजे. अडतीची वजावट होऊन रक्कम कमी आली असेल तर तीही लिहून द्या. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडायचं, आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि 'भाषांतर अचूक आहे' एवढी ओळ हवी. नुसतं टाइप करून आणलेलं चालत नाही.

अर्जाच्या तोंडावर पाहुण्यांकडून चार लाख आणून खात्यात टाकायचे आणि नंतर परत करायचे, ही आपल्याकडची जुनी युक्ती. नकार येतो तो बहुतेक याच कारणाने. पैसा कुठून आला याचा कागद नसला तर तो पैसा तुमचा धरतच नाहीत.

घाटावरचा_सांगलीकर
म्हणजे एजंटाला नारळ. भाचाही भारतीय पासपोर्टवरच आहे. त्याचा संघ बॉस्टनहून डब्लिनला उतरणार आणि तिथून बसने जाणार, असं ऐकलंय.

कृष्णाकाठ
मग त्याचं प्रकरण तुमच्यापेक्षा अवघड आहे. अमेरिकन पासपोर्टवाल्या मुलांना आयर्लंडचा व्हिसा लागत नाही, म्हणून संघाच्या ऑफिसात हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्याला आयर्लंडचाही लागेल आणि ब्रिटनचाही. वर सांगितलेली एका व्हिसाची सवलत भारतातून अर्ज करणाऱ्यांना आहे. तो अर्ज करणार अमेरिकेतून, म्हणजे दोन वेगळे अर्ज, आणि पासपोर्ट आधी एकीकडे, मग दुसरीकडे. संघाने त्याचं एकट्याचं तिकीट बॉस्टन-लंडन-बेल्फास्ट काढलं तर एक व्हिसा वाचतो. हे प्रशिक्षकाला आत्ताच सांगायला लावा.

परतीचंही बघायचंय. त्याच्या आय-२० वर (विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याला देतं तो कागद) प्रवासाची सही एक वर्षाच्या आतली हवी, आणि पासपोर्टातला अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा परतीच्या तारखेला जिवंत हवा. तो संपलेला असेल तर बेल्फास्टचा विचार सोडा.

रिंकच्या_कडेला
व्हिसाचं झालं, आता खेळाकडे येऊ.

स्पर्धा २०१५ पासूनची. २०१४ मध्ये बॉस्टन आणि बेल्फास्ट ही भगिनी-शहरं झाली, त्यातून ती निघाली. अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीतले चार कॉलेज संघ नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुट्टीत बेल्फास्टच्या एसएसई अरीनात (बंदिस्त क्रीडागृहात) खेळतात. करंडकाचं नाव बेलपॉट. बॉस्टनच्या चार कॉलेजांची १९५२ पासूनची बीनपॉट नावाची स्पर्धा आहे, तिच्यावरून ते बेतलंय. हे दोस्तीचे सामने नव्हेत, मोसमाच्या हिशेबात धरले जातात, तेव्हा खेळ चुरशीचा होतो.

पहिल्यांदा बघणाऱ्याला नियमांतलं एवढं पुरतं. वीस मिनिटांचे तीन भाग. बर्फावर एका बाजूचे सहा जण, त्यातला एक गोलकीपर. खेळाडू पाऊण मिनिटात बदलतात, खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून. नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं, दमछाकच तेवढी असते. साधी चूक झाली की दोन मिनिटं बाहेर, संघ एकाने कमी. कबड्डीत गडी बाद झाल्यावर कसं होतं, तसं समजा. फक्त इथे गडी दोन मिनिटांनी किंवा त्याआधी गोल झाला की आपोआप आत येतो.

टीव्हीवर व्यावसायिक सामन्यांत मारामाऱ्या बघितल्या असतील. कॉलेजात मुठी चालवल्या की सामन्यातून बाहेर आणि पुढचाही सामना बंद. तोंडावर पूर्ण जाळी किंवा पूर्ण काच सक्तीची आहे, त्यामुळे चेहरे ओळखू येत नाहीत. पाठीवरचा नंबर पाठ करा.

जागा कुठे घ्यावी? लोक काचेला चिकटून पहिली रांग मागतात. नवख्याने घेऊ नये. तिथून कठड्याजवळचा पक (चेंडूच्या जागी असते ती चकती) दिसतच नाही, नुसता धडधडाट ऐकू येतो. दहाव्या-पंधराव्या रांगेत, मधल्या रेषेच्या आसपास बसा. दोन्ही गोल दिसतात आणि चाल कशी रचली तेही कळतं. संघ प्रत्येक भागानंतर बाजू बदलतात, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या भागात आपला संघ एकाच गोलवर चढाई करतो. टोकाकडची जागा मिळाली तर ते टोक निवडा.

पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची कडक रबराची चकती, वजन १६० ग्रॅमच्या आसपास. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, कारण गरम रबर उसळतं. गोलच्या मागे वरपर्यंत जाळी असते, पण बाजूला काचेच्या वरून पक प्रेक्षकांत येऊ शकतो. २००२ मध्ये अमेरिकेत कोलंबस शहरात एका तेरा वर्षांच्या मुलीचा असा पक लागून जीव गेला. त्यानंतर व्यावसायिक लीगने गोलमागे जाळ्या सक्तीच्या केल्या. खेळ चालू असताना मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका, साठीवाल्यांना तर हे दोनदा सांगा. आणि खेळ चालू असताना जागेवरून उठायचं नाही. जिन्याच्या तोंडाशी माणूस उभा असतो, तो शिट्टी होईपर्यंत थांबवून ठेवतो. त्याच्याशी हुज्जत घालू नये.

वाइंडिंगवाला
कोण आला रे किर्लोस्करवाडीच्या बाजूचा म्हणू नका, मोटर दिसली की बोटं शिवशिवतात. भाच्याला म्हणावं मशीनच्या पाटीचा फोटो पाठव. त्यावर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ, ३४५० आरपीएम असं काही लिहिलेलं असणार. म्हणजे दोन पोलची इंडक्शन मोटर.

आता सगळे काय करतात, तर ट्रान्सफॉर्मर लावून २३० चे ११० केले की झालं म्हणतात. व्होल्टेज उतरलं, फ्रिक्वेन्सी तीच राहिली ना बाबांनो! ब्रिटनमध्ये आपल्यासारखेच ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. मग होतं काय? वेग सहाला पाच या प्रमाणात पडतो, ३४५० चे साधारण २८७५. ते एक वेळ चालेल. खरी गोम पुढे आहे. ६० हर्ट्झच्या मोटरला ५० वर चालवताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवायला पाहिजे. ११५ चा हिशेब ९६ वर येतो. ११० दिलंत तर कोअर (मोटरमधला लोखंडी गाभा) चुंबकत्वाने भरून जातो, करंट वाढतो, मोटर तापते. पंप कमी लोडवर असूनही हात लावता येत नाही एवढा का तापतो, त्याच्या कारणांपैकी हे एक.

उपाय तीन. मशीनला ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असेल तर प्रश्नच मिटला, तिला हर्ट्झशी देणंघेणं नाही, नुसता ट्रान्सफॉर्मर पुरे. इंडक्शन असेल तर व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) घेऊन ९५ ते १०० व्होल्टवर ठेवा. तेही नसेल तर ११० वर चालवा, पण दहा मिनिटं काम आणि दहा मिनिटं विश्रांती, बॉडीवर हात ठेवून अंदाज घेत.

ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतून न्यायची गरज नाही. ब्रिटनमध्ये बांधकामावरची हत्यारं ११० व्होल्टवर चालतात, त्यासाठीचे पिवळे डबे भाड्याने मिळतात. तीन केव्हीए किंवा वरचा घ्या. मोटर असेल तिसऱ्या हिश्श्याच्या हॉर्सपॉवरची, पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, छोट्या डब्याचा ब्रेकर तिथेच पडतो. त्या डब्यांचं सॉकेटही पिवळं गोल असतं, अमेरिकन पिन त्यात बसत नाही. जोडवायर आधी बनवून ठेवा.

रिंकच्या_कडेला
मोटरचं शंभर टक्के बरोबर, त्यात धारेच्या बाजूने भर घालतो. चाक हळू फिरलं की कापतं कमी. मग घाईत माणूस दाबून धरतो, आणि पात्याची कड निळी पडते. निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, कडकपणा गेला, ती धार पाच मिनिटंही टिकत नाही. चार फेऱ्यांऐवजी सहा फेऱ्या मारा, दाब तोच ठेवा.

स्केटचं पातं सुरीसारखं एका टोकाला निमुळतं नसतं. जाडी तीनेक मिलिमीटर, तळाला लांबीभर उथळ खोबण कोरलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन कडा तयार होतात. खोबण किती खोल हे त्या गोलाईच्या त्रिज्येवरून मोजतात. बहुतेक खेळाडू अर्ध्या इंचाच्या आसपास असतात. त्रिज्या लहान म्हणजे खोबण खोल, बर्फाला पकड जास्त, पण घसरण कमी आणि पाय लवकर दमतात. बर्फ कडक असेल तर पकड कमी मिळते, मऊ असेल तर पातं रुततं. परक्या मैदानावर पहिल्या सरावानंतर मुलं "आज घसरतंय" म्हणत येतात ती याच कारणाने, मशीनला उगाच शिव्या बसतात.

दोन्ही कडा समान उंचीच्या आहेत का हे बघायला पात्यावर आडवं नाणं ठेवा आणि समोरून बघा. नाणं एका बाजूला कललं तर एक कड उंच आहे. असा खेळाडू डावीकडे वळताना बरोबर वळतो आणि उजवीकडे वळताना आपटतो.

सगळ्यांत शहाणपणाचं म्हणजे मशीनवर फार अवलंबूनच राहू नये. हल्लीच्या स्केटची पाती सुटी निघतात. प्रत्येक खेळाडूची दोन जोड पाती घरीच धार लावून, नंबर घालून, तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळून न्यायची. दोन सामने आणि तीन सराव त्यात बसतात. मशीन मग फक्त अडीअडचणीला. बेल्फास्ट जायंट्स हा व्यावसायिक संघ २००० पासून त्याच अरीनात खेळतो. पाहुण्या संघाच्या किटवाल्याने त्यांच्या किटवाल्याला महिनाभर आधी मेल केली तर धारेची सोय होऊ शकते. भाच्याला हे काम आधी करायला सांगा.

घाटावरचा_सांगलीकर
हे भारी झालं. सामान किती असतं एकूण? तो म्हणतो बॅगा मोजता मोजता वेड लागतं.

रिंकच्या_कडेला
सव्वीस-सत्तावीस खेळाडू धरा. माणशी एक मोठी बॅग, वीस-पंचवीस किलोची. गोलकीपर तीन, त्यांचे पायाचे पॅड वेगळ्या बॅगेत. स्टिकच्या लांब पिशव्या सात-आठ. पांढऱ्या आणि गडद जर्सींचे दोन संच. धारेचं मशीन, टेपची पेटी, औषधपेटी. चाळीसच्या आत हिशेब बसत नाही.

वेड लागू नये म्हणून नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या नाहीत, नंबर लावायचे, एक ते शेवट. ट्रकमधून उतरताना मोजा, पट्ट्यावर टाकताना मोजा, पट्ट्यावरून घेताना मोजा, बसमध्ये भरताना मोजा. 'तेवीस नाही' हे लगेच कळतं, 'कुणाची तरी काळी बॅग दिसत नाही' यातून काही कळत नाही.

स्टिक भरताना एक चूक हमखास होते. एका खेळाडूच्या चारही स्टिक एकाच पिशवीत भरतात. विमान कंपनी लांब पिशव्या मागे ठेवते, कारण विमानाच्या पोटात त्या शेवटी बसतात. एक पिशवी मागे राहिली की तीन-चार खेळाडू बिनकाठीचे. म्हणून प्रत्येकाच्या स्टिक निदान दोन पिशव्यांत वाटून भरा. स्टिक उसनी मिळते, पण डावखुरी-उजवी, वाक आणि लांबी जुळत नाही. गोलकीपरचं सामान तर उसनं मिळतच नाही, ते संघाच्या स्वतःच्या विमानातच चढलं का हे डोळ्यांनी बघा, पुढच्या विमानाने येईल यावर विसंबू नका.

दुसरा शत्रू ओल. सामन्यानंतर बॅग बंद करून हॉटेलात टाकली की सकाळी सगळं ओलंच, आणि पात्यावर तांबेरा. पाती लगेच कोरड्या फडक्याने पुसायची, स्केटचे आतले तळवे काढून ठेवायचे, हातमोजे उलटे टांगायचे, खोलीत पंखा. घाईला आलेली मुलं अमेरिकेतला केस वाळवायचा ड्रायर तिथे लावतात. १२० व्होल्टचा ड्रायर २३० वर म्हणजे जवळजवळ चौपट शक्ती. दोन सेकंदांत धूर आणि हॉटेलभर घंटा.

तासगाव_कोल्ड
बर्फाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधलं तंत्र आणि रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, तंत्र सख्खे भाऊ आहेत. अनेक रिंकमध्ये तोच अमोनियाचा कॉम्प्रेसर, तोच कंडेन्सर. फरक एवढाच की आपण खोलीतली हवा चार-पाच अंशांवर ठेवतो, ते जमीन थंड करतात. अमोनिया थेट मैदानाखाली फिरवत नाहीत, गळती झाली तर प्रेक्षकांत जाईल. तो मशीनघरातच राहतो आणि कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी उणे नऊ-दहापर्यंत गार करतो. ते पाणी काँक्रीटच्या पोटातल्या पाइपांतून फिरतं. दर दहा सेंटीमीटरला एक पाइप धरला तर साठ मीटर लांबीच्या मैदानाखाली सोळा किलोमीटरच्या वर पाइप होतो. सांगलीहून मिरजेला जाऊन परत या, साधारण तेवढा.

वरचा बर्फ किती? जेमतेम इंच-सव्वा इंच. लोकांना वाटतं फूटभर असेल. जाड झाला तर उलट त्रास, कारण बर्फ स्वतःच थंडी अडवतो. खाली उणे दहा असलं तरी वरचा थर मऊ राहतो आणि कॉम्प्रेसर उगाच पळत राहतो. आपल्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर बर्फ चढला की खोली थंड होईना म्हणतो ना, तेच हे.

दोन भागांच्या मध्ये गाडी फिरते ती बघा. लोक तेवढ्यात चहाला पळतात, पण बघण्यासारखी ती आहे. पुढे आडवं पातं वरचा खरवडा काढतं, मागून साठ-सत्तर अंशांचं गरम पाणी पसरतं. गरम का? ते ओरखड्यांच्या कडा किंचित वितळवतं आणि खालच्या बर्फाशी एकजीव होतं. शिवाय उकळीकडे नेलेल्या पाण्यात विरघळलेली हवा कमी, म्हणून बर्फ काचेसारखा. गार पाणी टाकलं तर वर पापुद्रा बसतो आणि पहिल्याच वळणाला सुटतो. एका फेरीत पसरतो तो थर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. ही गाडी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रँक झांबोनी यांनी बनवली, आणि गंमत म्हणजे त्यांचा मूळ धंदा बर्फाच्या कारखान्याचा.

अजिंक्यतारा_खाली
मग आपल्याकडे रिंक का नाही? ऊस आहे, वीज आहे, अमोनिया आहे.

तासगाव_कोल्ड
वीजबिल भरायला कोण आहे? आणि दमट हवा. जूनमध्ये दार उघडलं की बर्फावर धुकं. देशात डेहराडूनला २०११ मध्ये बंदिस्त रिंक झालं, तेही मध्ये बरीच वर्षं बंद होतं. बाकी बहुतेक मदार लडाखच्या नैसर्गिक बर्फावर. तरी भारताच्या महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्य आणलं, हे विसरू नका.

मिरजकर_तारा
हलगीचं बोलायचं राहिलं की ओ.

न्यायला हरकत कोण घेईल ते सोडा, ती वाजणार कशी ते बघा. हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही. कुस्तीच्या फडाला कडेला काटक्या-कागदाचा जाळ असतो, दर पाऊण तासाला कातडं शेकून घेतात, तेव्हा ती कडाडते. अरीनात हवा गार, त्यात बेल्फास्टची ओल. कातडं दमट हवेतलं पाणी ओढून सैल पडतं, दहा मिनिटांत कडकडाटाचा 'भद्द भद्द' होतो. आणि तिथे जाळ करायला गेलात तर सामना नाही, कोठडी बघाल. केस वाळवायच्या ड्रायरने शेकता येते, पण एकाच जागी धरलं तर कातडं तडकतं. प्लॅस्टिकच्या पानाची घेतली तर ओलीचा प्रश्न नाही, आवाज मात्र पत्र्यासारखा.

रिंकच्या_कडेला
आणि वाद्याला अरीनाची परवानगी आधी लागते, दारात जाऊन विचारलं तर नाहीच म्हणणार. कॉलेजांची स्वतःची बँड पथकं असतात, ती फक्त खेळ थांबलेला असताना वाजवतात. शिट्टी तर चुकूनही नेऊ नका. खेळाडू ती रेफरीची समजून थांबतात आणि तुमच्यामुळे गोल जातो. मैदानात काही फेकायचंही नाही, फेटा उडवणं तर नाहीच.

ओरडायला भरपूर वाव आहे. अमेरिकन कॉलेजची पोरं विरुद्ध गोलकीपरवर गोल झाला की त्याच्याकडे बोट दाखवून 'सिव्ह, सिव्ह' ओरडतात, म्हणजे चाळण. तुम्ही सरळ 'चाळण, चाळण' म्हणा. ताल तोच बसतो.

घाटावरचा_सांगलीकर
चाळण पक्की. हलगीवाले मामा जरा नाराज झालेत, पण जाळाचा मुद्दा पटला.

लॅगनकाठची_सातारकर
बेल्फास्टमधलं मी सांगते. नोव्हेंबरअखेर दिवसाचं तापमान तीन ते नऊ अंश, पाऊस बारीक पण सतत, वर वारा. सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि चारनंतर लगेच मावळतो. काका-काकूंना सांगा की फिरायचं ते दहा ते तीनमध्ये. छत्री वाऱ्यात उलटी होते, टोपीवालं पाणरोधक जाकीट घ्या. आत खुर्च्यांवर बारा-पंधरा अंशांच्या आसपास असतं, महाबळेश्वरची जानेवारीतली पहाट समजा. त्यात अडीच तास बसून राहायचं. स्वेटर दोन पातळ घाला, एक जाड नको. खरी थंडी पायांतून चढते, लोकरीचे मोजे आणि जाड तळाचे बूट हवेत. साडी नेसणार असाल तर आत लोकरी लेगिंग घाला.

सिटी विमानतळ अरीनापासून अगदी जवळ, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. तिकीट काढताना 'बेल्फास्ट इंटरनॅशनल' आणि 'बेल्फास्ट सिटी' यात गल्लत करू नका, पहिला शहराबाहेर वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. अरीना टायटॅनिक क्वार्टर भागात. गावातून ग्लायडर नावाची लांबलचक बस जाते, जी-टू नंबरची. तिकीट बसमध्ये देत नाहीत, थांब्यावरच्या मशीनमधून आधी काढायचं. मोठी बॅग अरीनात आत घेत नाहीत, खिशात मावेल तेवढंच न्या.

खाण्याचं महत्त्वाचं: दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. साताऱ्याचे कंदी पेढे, खवा, तूप, पनीर, सगळं विमानतळावर काढून घेतात. सांगलीचं भडंग, चटणी, भाकरीचं पीठ चालतं. डबा सीलबंद आणि वर इंग्रजीत काय आहे ते लिहिलेलं असावं. भडंगाची पुडी कागदी नको, हवेने दोन दिवसांत मऊ पडतं.

अजिंक्यतारा_खाली
पेढे न्यायचे नाहीत तर मग भाच्याला काय देणार? असो. आमच्यासारखे जे इथेच राहणार त्यांच्यासाठी वेळेचा हिशेब सांगा.

लॅगनकाठची_सातारकर
हिवाळ्यात बेल्फास्ट भारताच्या साडेपाच तास मागे. संध्याकाळी सातचा सामना म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेबारा, संपेपर्यंत तीन. दुपारी तीनचा असेल तर रात्री साडेआठ, तो सोयीचा. बॉस्टन बेल्फास्टच्या पाच तास मागे, म्हणून संघ चार-पाच दिवस आधी येतो. पूर्वेकडे येताना झोप लागायला त्रास होतो. तुम्ही येणार पश्चिमेकडे, तुम्हाला उलटं होईल, पहाटे तीनला टक्क जाग. पहिल्या दोन दिवसांत संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतात, नेमके सामन्याच्या वेळेला. दोन दिवस आधी पोचा.

घाटावरचा_सांगलीकर
ठरलं मग. बुधवारी पोचतो, हिथ्रोमार्गे, एकाच तिकिटावर. मुंबईपर्यंत महालक्ष्मी एक्स्प्रेसची जागा सांगलीहून धरतोय, साताऱ्याहून कुणी येणार असेल तर त्याच डब्यात बघा. भाच्याचा आत्ताच मेसेज आला: मशीनच्या पाटीवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ, ३४५० आरपीएम आहे. वाइंडिंगवाले, व्हेरिअ‍ॅक किती अँपिअरचा घ्यायला सांगू?

वाइंडिंगवाला
पाटीवर अँपिअर किती लिहिलेत ते विचारा. सहा-सात असतील तर तिकडच्या २३० व्होल्टच्या लाइनवर चालणारा, दहा अँपिअरचा पुरे. आउटपुट मीटरने मोजून ९६ वर काटा आणायचा, खुंटीला चिकटपट्टी लावायची म्हणजे कुणी हात लावून फिरवणार नाही. आणि सुरू करताना शून्यापासून हळूहळू चढवू नका. आधी ९६ वर ठेवा, मग मशीनचं बटण दाबा. हळू चढवलं तर मोटर अडून बसते आणि स्टार्टिंगचं वाइंडिंग जळतं.